अर्धा क्लच आणि आठचा आकडा

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठाराकडे जाताना एक वाडी लागते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि सायकलीखेरीज कोणतेही वाहन मी कधी हातात घेतले नव्हते. साताऱ्याहून सकाळची एस.टी. वेळेवर पोहोचवायची, अडचण परतीची होती. पाचनंतर वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, जीप भरेपर्यंत फाट्यावर ताटकळायचे, आणि पावसाळ्यात धुके उतरले की जीपही येत नसे. वर्षभर हे सोसल्यावर २०२५च्या उन्हाळी सुट्टीत मी ठरवले, की स्वतःची दुचाकी घ्यायची आणि तीही गिअरची.

घरात सर्वांनी स्कूटरच सुचवली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘बायकांना तीच बरी पडते गं, साडीवरही चालवता येते.’’ त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. केवळ शहरात फिरायचे असते तर मीही तीच घेतली असती. पण शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या स्कूटरवर मागे बसून मी बोरणे घाटातून कितीतरी वेळा ये-जा केली होती. पावसाळ्यानंतर त्या रस्त्याच्या कडा खचतात, डांबर उखडून खडी वर येते, आणि अशा जागी स्कूटरचे दहा-बारा इंची चाक खड्ड्यात उतरते, तर मोटरसायकलचे अठरा इंची चाक बहुतेक वेळा त्यावरून निघून जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न उताराचा होता. बिनगिअरच्या गाडीत वेग कमी झाला की इंजिनाची चाकावरची पकड सुटते आणि सारा भार ब्रेकवर येतो. बाई घाट उतरेपर्यंत दोन्ही ब्रेक आवळून असायच्या आणि खाली पोहोचल्यावर बोटे चोळत बसायच्या. गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे ओढून धरते, हे मी वडापच्या चालकाकडून ऐकले होते आणि पुढे स्वतः अनुभवले.

परवान्याचा अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर करायचा असतो. पहिल्यांदा मी घराजवळच्या एका सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने मला न विचारताच ‘बिनगिअरची मोटरसायकल’ हा वर्ग निवडला. अर्ज पुढे जाण्याआधी मी पडद्यावर डोकावले म्हणून ते लक्षात आले. नाहीतर मिळालेल्या परवान्यावर मला गिअरची गाडी चालवता आली नसती आणि वर्ग वाढवून घेण्यासाठी शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सगळे करावे लागले असते. उलट बाजूने अशी अडचण येत नाही, कारण गिअरच्या परवान्यावर स्कूटरही चालवता येते. म्हणून ज्यांना परवाना काढायचा आहे त्यांनी, विशेषतः माझ्या मैत्रिणींनी, अर्जातला हा एक रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्यानंतरचा सारा अर्ज मी घरी बसून स्वतः भरला.

चाळिशी उलटलेल्या अर्जदाराला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. तो केवळ कागद असेल अशी माझी समजूत होती, पण आमच्या डॉक्टरांनी तपासणी मनापासून केली. लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का ते पाहिले, आणि मग मला दवाखान्याच्या दारात उभे करून समोरच्या झाडाखाली लावलेल्या मोटारीचा क्रमांक वाचायला सांगितला. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून क्रमांकाची पाटी वाचता यावी, अशी त्या नमुन्यातच अट आहे. शेवटचे दोन आकडे मला चष्म्याशिवाय नीट लागले नाहीत. त्या आठवड्यात मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला आणि तो बदललेला निघाला. दोन वर्षे मी जुन्याच भिंगांतून फळा पाहत होते.

शिकाऊ परवान्याची चाचणी आधार क्रमांकाच्या ओळखीवर घरूनच देता येते. आधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पूर्ण पाहावी लागते, मग पंधरा प्रश्न येतात आणि त्यांतील नऊ बरोबर यावे लागतात. चिन्हे मी मुलांना शिकवते तशी तक्ता करून पाठ केली होती: गोलातले चिन्ह आज्ञेचे, त्रिकोणातले सावधगिरीचे, चौकोनातले माहितीचे. परंतु मनात राहिला तो तयारी करताना वाचलेला एक नियम. अरुंद डोंगरी रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. ज्या घाटातून मी वर्षभर रोज गेले, तिथे हा नियम असा आहे हे मला ठाऊकच नव्हते, कारण वडापच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला कोणी कुणाला वाट दिली याच्याशी कर्तव्य नसते.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी देता येते. ते तीस दिवस पुरे पडतील का, अशी मला धास्ती होती. शिकवायला धाकटा भाऊ तयार झाला. त्याच्याकडे २०१०च्या दिवाळीत घेतलेली हिरो होंडाची स्प्लेंडर आहे. तिच्या पुढे-मागे आम्ही पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी लावली आणि वस्तीमागच्या मैदानावर पहाटे जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी त्याने इंजिन सुरूच करू दिले नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे कोणताही गिअर न टाकता ठेवून मैदानाला दोन फेऱ्या ढकलत मारायला लावल्या, मग मुख्य स्टँडवर लावायला आणि उतरवायला शिकवले. मी सीटखालच्या दांड्याला धरून सारी ताकद लावून गाडी उचलू पाहत होते. तो म्हणाला, ‘‘ताई, उचलू नकोस. स्टँडच्या खुरावर उभी राहा, गाडी आपोआप मागे चढते.’’ आणि खरोखरच, अंगाचे वजन उजव्या पायावर टाकताच एकशे दहा किलोंची गाडी सहज मागे सरकून उभी राहिली. वजनाची भीती निम्मी तिथेच गेली.

दुसरा दिवस पूर्णपणे क्लचचा, म्हणजे इंजिन चाकाशी जोडणाऱ्या आणि सोडवणाऱ्या डाव्या हाताच्या दांडीचा होता. गाडी मुख्य स्टँडवर, मागचे चाक अधांतरी, इंजिन सुरू आणि पहिला गिअर पडलेला. मी गाडीवर बसून डाव्या हाताची मूठ केसाकेसाने सोडायची आणि भावाने मागे उकिडवे बसून चाकाकडे पाहायचे. मूठ जवळजवळ निम्मी सुटेपर्यंत काहीच होत नाही. मग एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि चाक थरथरून फिरू लागते. ‘‘इथेच थांब,’’ तो म्हणायचा, ‘‘बोटांना ही जागा कळू दे.’’ यालाच सगळे अर्धा क्लच म्हणतात. मी डोळे मिटून ती जागा पन्नासेक वेळा शोधली. हँडलवर पट्टी ठेवून मोजली तर ती जागा जेमतेम एक बोटभर रुंदीची भरेल, पण सावकाश चालणारी गाडी सगळी त्या बोटभर जागेत चालते. तिच्या अलीकडे गाडी नुसती गुरगुरते, पलीकडे गेलात तर उडी मारते किंवा बंद पडते. भावाने पुढचे तीन दिवस मला अॅक्सिलरेटरला हातही लावू दिला नाही. केवळ क्लच सोडून, इंजिनाच्या मंद चालीवर, माणूस चालतो त्या वेगाने मैदान ओलांडायचे. वेगात गाडी आपोआप तोल धरते. तोल जातो तो हळू चालताना, म्हणून हळूच आधी शिकायचे, असा त्याचा हिशेब होता, आणि इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर मला तो शिकवण्याच्या दृष्टीनेही अगदी योग्य वाटला.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. मैदानाचा चिखल झाला आणि एका वळणावर मी पुढचा ब्रेक दाबला, तेव्हा चाक घसरून गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. लेग गार्डमुळे पाय वाचला, कोपर सोलवटले. हँडल वळलेले असताना, ओल्यात, पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, हे मला आधी तोंडी सांगितले होते, पण हाताला ते त्या दिवशी कळले. भावाने मला लगेच पुन्हा बसवले आणि त्याच वळणावरून दहा वेळा नेले.

पक्क्या परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढावा लागतो. याला इकडे सगळे ‘ट्रायल देणे’ म्हणतात. मैदानावर आम्ही शाळेतली खेळांसाठी वापरायची फक्की आणून आठ आखला. पाय टेकायचा नाही, रेषेबाहेर जायचे नाही आणि गाडी बंद पडू द्यायची नाही. पहिला गिअर, अर्धा क्लच, अॅक्सिलरेटर एकाच जागी स्थिर, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका लागलेला, म्हणजे गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर राहते. हे सगळे जमू लागले तरी नजर मात्र वश होईना. मी पुढच्या चाकाकडे पाहायचे आणि चाक रेषेवर जायचे.

जूनअखेरीच्या माझ्या पहिल्या ट्रायलला नेमके तेच झाले. वेळ आधी ठरवून घेतलेली होती, गाडीची कागदपत्रे, विमा, पीयूसी सारे बरोबर होते. रांगेत गिअरची गाडी आणलेली मी एकटीच बाई होते. आठाचा पहिला गोल नीट झाला. दोन्ही गोल जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी चाकाकडे खाली पाहिले, हँडल जास्त वळले, क्लच बोटभर जागेच्या पलीकडे सुटला, गाडी बंद पडली आणि पाय टेकला. निरीक्षक शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, हात चांगला आहे. मान वर ठेवा. पुढच्या खेपेला होईल.’’ नापास झाल्यावर सात दिवसांनंतरच पुन्हा परीक्षा देता येते. मला वाईट वाटले, कारण मी तयारी खरोखर केली होती. पण निकालाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. ज्या चुकीमुळे मी तिथे थांबले, तीच चूक घाटातल्या वळणावर झाली असती तर समोर फक्कीची रेषा नसती.

तो सगळा आठवडा मी एकाच गोष्टीला दिला. भावाने आठाच्या बाहेर चार ठिकाणी विटा उभ्या केल्या आणि प्रत्येक वळणावर पुढची वीट शोधायला लावली, म्हणजे गाडी एका विटेजवळ असताना डोळे दुसऱ्या विटेवर. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागे हात आणि हातांमागे गाडी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रिमझिम पावसात मी आठ एका दमात काढला. निरीक्षकांनी हाताचे इशारे विचारले, एकदा थांबवून पुन्हा गाडी पुढे घ्यायला सांगितली आणि फलकावर खूण केली. काही आठवड्यांनी स्पीड पोस्टने परवान्याचे कार्ड घरी आले. तीस ते पन्नास वयोगटात परवाना दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे माझ्या कार्डावर २०३५ साल छापलेले आहे.

परवाना हाती आला तरी गाडी घेण्याची घाई मी केली नाही, आणि याचे मला आज समाधान वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये भावाचीच गाडी घेऊन, आधी तो मागे बसून आणि मग मी एकटी, काही वेळा शाळेत गेले. पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथला पश्चिमेचा वारा आडवा येतो आणि हलकी गाडी हातभर बाजूला सरकवतो. पहिल्यांदा तो झोत लागला तेव्हा मी हँडल घट्ट आवळले आणि गाडी अधिकच डगमगली. कोपरे सैल सोडली, वेग कमी केला आणि अंग किंचित वाऱ्याकडे कलते ठेवले, तेव्हा ती सरळ चालली.

या वाऱ्यामुळेच गाडी निवडताना मन दोन्हीकडे ओढ घेत होते. जड गाडी वाऱ्यात स्थिर राहते, म्हणून मी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० पाहायला गेले. तिचे वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर आणि माझी उंची पाच फूट एक इंच. बसल्यावर दोन्ही पायांचे अंगठेच जमिनीला लागत होते. तरीही तेवढ्यावर मी नकार दिला नसता. शोरूमसमोरच्या फरसबंदीला थोडा उतार होता. मी गाडीचे तोंड उताराकडे करून ती पायांनी मागे घेऊन पाहिली आणि ती हलली नाही. शाळेसमोरची जागा तशीच उतरती आहे. जी गाडी आपल्याला एकटीने मागे घेता येत नाही, ती कितीही देखणी असली तरी त्या वाडीत तिचा उपयोग नाही, हे तिथेच स्पष्ट झाले. पहिली गाडी घेणाऱ्याने टेस्ट राइडबरोबर ही परीक्षा जरूर करावी. रस्त्यावर चालवताना सगळ्या गाड्या हलक्या वाटतात. बंद गाडी चढावर मागे ढकलताना तिचे खरे वजन कळते.

१२५ सीसीच्या दोन गाड्या चालवून पाहिल्या. घाटात मागे माणूस असताना त्यांची जादा ताकद नक्कीच जाणवते. १०० सीसीची गाडी तिथे दुसऱ्या गिअरवर येते आणि सावकाश चढते. पण मी बहुतेक दिवस एकटीच जाणार होते. भावाची जुनी गाडीच घ्यावी असाही विचार झाला. मात्र तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे त्याच दिवाळीत संपत होती आणि पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, इंजिनाचे काम हे सगळे धरता तो व्यवहार परवडणारा नव्हता. शेवटी मी नवी स्प्लेंडर प्लसच निवडली: ९७.२ सीसी, ११२ किलो, सीटची उंची ७८५ मिलिमीटर. दोन्ही पायांचे चवडे टेकतात. तिचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, आणि याच रचनेची माझ्या पायाला सवय झाली होती. शिवाय सातारा ते ठोसेघर वाटेवरचा कोणताही मेकॅनिक ती डोळे मिटून उघडू शकतो, ही गोष्ट तीस किलोमीटर दूरच्या शाळेत जाणाऱ्या बाईला पिकअपपेक्षा मोलाची आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बातमी आली, की ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार. ऐंशी हजारांच्या गाडीमागे त्यात सुमारे सहा हजार वाचतात. त्या वर्षी घटस्थापनाही २२ तारखेलाच होती. मी त्या दिवशी गाडी नोंदवली. शोरूमने दिलेल्या ‘ऑन रोड’ किमतीच्या चिठ्ठीत विमा, कर आणि नोंदणीबरोबर ‘हँडलिंग’ नावाची दीड हजारांची एक ओळ होती आणि अॅक्सेसरीजचा संच आधीच जोडलेला होता. ही रक्कम कशासाठी, असे मी विचारले तेव्हा विक्रेत्याला उत्तर देता आले नाही. लेखी कारण मागितल्यावर ती ओळ निघाली. नव्या दुचाकीचा त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, तो खर्च रास्त आहे. गाडीबरोबर प्रमाणित हेल्मेट देण्याची कायद्याने सोय आहे, तेही मी मागून घेतले. मागच्या चाकाचा साडी गार्ड विक्रेता जादा वस्तूंमध्ये मोजू पाहत होता. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण हा केंद्रीय मोटार वाहन नियमांचाच भाग आहे, हे मी त्याला दाखवले. आमच्याकडे साडीचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात मी गावात पाहिले आहेत, त्यामुळे ही वस्तू ‘नको असेल तर काढतो’ अशा सुरात कोणी बोलावे याचा मला खरोखर राग आला.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आली. सासूबाईंनीच तिला झेंडूचा हार घातला आणि हँडलला आपट्याचे पान बांधले. जुन्या गाडीच्या सवयीने मी चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायचा खटका, शोधला, तर इंधन इंजेक्शनच्या गाडीला तो नसतोच. दुसरा फरक ब्रेकचा जाणवला. २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. माझ्या गाडीला जोडब्रेक आहे, म्हणून पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो आणि गाडीचे नाक किंचित खाली झुकते. आठ काढताना मी जो हलका मागचा ब्रेक धरत असे, तो आता अधिक हलका धरावा लागला. त्यासाठी मी पुन्हा एकदा मैदानावर जाऊन फक्कीने आठ आखला आणि अर्धा तास त्यात फिरले.

पुढच्या सोमवारी मी शाळेत गाडीने गेले. संध्याकाळी परतताना बोरणे घाटातल्या एका आखूड वळणावर, जिथे एका बाजूचे डांबर खचलेले आहे, खालून वडापची भरलेली जीप वर येताना दिसली. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होते. पहिल्यावर आले, दरीकडची कडा सोडून डोंगराच्या बाजूला गाडी घेतली, क्लच पूर्ण दाबून थांबले आणि डावा पाय टेकवला. जीप शेजारून हळूहळू वर गेली. मागच्या बाकावर आमच्या वाडीतल्या दोन आज्या होत्या. त्यांतल्या एकीने मला ओळखून हाक मारली, ‘‘बाई, आज यष्टी न्हाय का?’’ मी मान हलवली आणि जीप वळणाआड गेल्यावर मूठ सोडायला सुरुवात केली.